केसपेपर बायकोच्या नावाचा

साठी ओलांडलेला पुरुष ‘माझी छाती वाढलीय’ असं म्हणत माझ्याकडे येत नाही. तो पाठदुखी सांगतो, हर्नियाची शंका बोलून दाखवतो, नाहीतर “सहज आलो होतो, बीपी बघा जरा” म्हणतो. मी जनरल सर्जन आहे. मिरजेत माझा दवाखाना आहे आणि आठवड्यातली एक दुपार मी फक्त स्तनांच्या तक्रारींसाठी राखून ठेवलेली आहे. त्या दुपारी बाहेरच्या बाकांवर बायका बसलेल्या असतात. मध्येच एखादं जोडपं असतं. नवरा सोबतीला आलाय, असंच सगळ्यांना वाटतं. आत आल्यावर मी केसपेपरवरचं नाव वाचते, बाईंना तपासणीच्या टेबलाकडे बोलावते, तेव्हा त्या नवऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, “मला काही झालेलं नाही हो मॅडम. दुखणं यांचं आहे.” खिडकीशी बसलेल्या मुलीने ‘तक्रार काय?’ म्हणून विचारलेलं असतं, नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटलेला नसतो, आणि मग केसपेपर बायकोच्या नावाने निघालेला असतो.

हे पुन्हा पुन्हा घडतं, म्हणून लिहिते आहे. ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. आजार, औषधं आणि त्यांचे परिणाम मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

इतक्या वर्षांत काही खुणा माणूस दारातून आत येतानाच दिसायला लागल्या आहेत. खांदे पुढे ओढून घेतलेले. एप्रिल-मेच्या उन्हात अंगात जाकीट. सदऱ्याच्या आत एकावर एक दोन बनियन. तपासण्यांची फाईल हातात न धरता छातीशी धरलेली. एका मुलाने सांगितलं होतं, की मोटारसायकलवर मागे बसताना वडील हल्ली दोघांच्या मध्ये पिशवी धरतात; त्याला वाटलं होतं वयोमानाने विचित्र वागतात. वडिलांच्या बोंडाला साधा सदऱ्याचा स्पर्श सहन होत नव्हता आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी मुलाच्या पाठीवर छाती आदळायची. हे तो मुलगा माझ्यासमोर पहिल्यांदा ऐकत होता.

केसपेपर बायकोच्या नावाने काढणाऱ्यांतले एक निवृत्त शिक्षक माझ्या चांगले लक्षात आहेत. सांगलीत कृष्णेच्या घाटावर रोज पहाटे पोहणाऱ्यांची मंडळी असतात, त्यांतले ते. उभं आयुष्य नदीत पोहलेला माणूस, आणि एके दिवशी त्यांनी घाटावर जाणं सोडलं. घरी सांगितलं, नदीत मगरी फार दिसायला लागल्यात. कृष्णेत मगरी आहेतच, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. खरं कारण घाटावर सदरा काढावा लागतो हे होतं. घाटावरच्या एका जुन्या मित्राने त्यांच्या छातीकडे बोट दाखवून “आता नातवाला पाजायला सुरुवात करा” असं चारचौघांत म्हटलं होतं. सगळे हसले होते. मास्तरही हसले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. बायकोला त्यांनी चार महिने काहीच सांगितलं नाही. टॉवेल द्यायला गेल्यावर तिने ते पाहिलं, तेव्हा तिच्या मनात एकच आलं, की यांना कॅन्सर झालाय आणि हे लपवताहेत. माझ्यासमोर बसली तेव्हा ती रडत होती आणि मास्तर जमिनीकडे बघत होते.

मी त्यांना म्हटलं, “मास्तर, पुरुष सर्जनने तपासावं असं वाटत असेल तर मी बोलावते, माझे सहकारी वरच आहेत.” ते म्हणाले, “आता तुम्हीच बघा. एकदाच काय ते कळू दे.”

तपासणी साधी असते. उताणं झोपायचं, हात डोक्यामागे. मी अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंनी आणत बोंडाशी जवळ करते. नुसती चरबी असेल तर बोटं बोंडापर्यंत न अडता पोचतात. ग्रंथी वाढलेली असेल तर बोंडाच्या बरोब्बर खाली खोडरबरासारखी घट्ट, हलणारी चकती बोटांना लागते, आणि वाढ ताजी असेल तर ती दुखते. नंतर दोन्ही काखा, यकृत, आणि वृषणंही बघायची, कारण क्वचित तिथल्या गाठीमुळेही छाती वाढते. मास्तरांच्या दोन्ही बाजूंना चकती होती, डावीकडे मोठी. मधोमध, सैल, कातडीला न चिकटलेली. बाईंना मी तिथेच सांगितलं, की हाताला तरी हे कॅन्सरचं वाटत नाही. खात्रीसाठी मॅमोग्राफी करून घेऊ. मॅमोग्राफी पुरुषांचीही होते, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. मग मी मास्तरांना म्हटलं, “गोळ्यांची पिशवी आणलीय ना? टेबलावर उपडी करा.”

या पिशवीवर माझा फार भर असतो. माणूस तोंडाने ‘बीपीची एक आणि शुगरची एक’ एवढंच सांगतो आणि पिशवीतून सात पाकिटं निघतात. मास्तरांच्या पिशवीत बीपीची, ॲसिडिटीची, रक्त पातळ ठेवणारी, आणि एक लघवीसाठीची जोडगोळी होती: टॅम्सुलोसिन आणि ड्युटॅस्टेराइड. रात्री पाचसहा वेळा उठावं लागायचं म्हणून वर्षभरापूर्वी सुरू झालेली. गुण चांगला आला होता. ती प्रोस्टेट आकसवते एवढं त्यांना सांगितलेलं होतं, थोड्या पुरुषांत छातीची ग्रंथी वाढवते हे सांगितलेलं नव्हतं.

यामागचं काम कसं चालतं ते मी कागदावर आकृती काढून सांगते, कारण बहुतेक पुरुषांच्या मनात ‘मी बाई होत चाललो’ ही भीती असते. ती बोलून दाखवली जात नाही, पण असते. प्रत्येक पुरुषाच्या बोंडाखाली जन्मापासून थोडी स्तनग्रंथी असते. प्रत्येक पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन असतं तसं इस्ट्रोजेनही असतं. चरबीत ॲरोमॅटेज नावाचं एक विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. वय वाढतं तसं टेस्टोस्टेरॉन कमी बनतं, उरलेल्यातलं जास्त प्रमाणात रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं राहतं, आणि अंगावरची चरबी वाढलेली असते. पारडं हळूहळू इस्ट्रोजेनकडे झुकतं आणि झोपलेली ग्रंथी वाढू लागते. आयुष्यात हे तीन वेळा होऊ शकतं: जन्मल्यावर काही आठवडे आईच्या संप्रेरकांमुळे, वयात येताना, आणि पन्नाशी ते ऐंशीच्या दरम्यान. (जन्मलेल्या बाळाच्या छातीतली अशी गाठ आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाया अजून पिळतात. कृपा करून पिळू देऊ नका. तिथे पू होतो. ती आपोआप जाते.) उतारवयात त्यावर औषधांची भर पडते. ड्युटॅस्टेराइड आणि फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनची एक वाट बंद करतात, त्यामुळे ते इस्ट्रोजेनच्या वाटेने जास्त वळतं.

मास्तरांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “म्हणजे माझ्या वागण्यात काही चुकलेलं नाही?” हा प्रश्न मला अनेकांनी विचारलेला आहे. त्यांना वाटत असतं ही कसली तरी शिक्षा आहे.

त्यांच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी ड्युटॅस्टेराइड थांबवून नुसतं टॅम्सुलोसिन ठेवलं. ड्युटॅस्टेराइड शरीरातून जायला महिने लागतात, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी धीर धरला. दुखणं गेलं, चकती लहान झाली, पूर्ण गेली नाही. कारण कळल्यावर त्यांना ती तेवढी छळेनाशी झाली. थोडी वाढ उरलेली असतानाच ते पुन्हा घाटावर जायला लागले, सुरुवातीला अंगात गंजीफ्रॉक ठेवून.

सगळ्यांचं इतकं सोपं होत नाही.

कोल्हापूरकडचे एक वस्ताद होते. तरुणपणी खासबाग मैदानात कुस्त्या केलेले, नंतर गावच्या तालमीत पोरं घडवलेली. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर त्यांचं हृदय अशक्त झालं होतं आणि त्यांना इतर औषधांबरोबर रोज 25 मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं होतं. काही महिन्यांत छाती दुखायला लागली आणि मग वाढायला लागली. तालमीत वस्ताद अंगात सदरा ठेवून कसा वावरणार? हौद्यात उतरून डाव दाखवायचा म्हणजे अंग उघडं हवं. त्यांनी आधी हौद्यात उतरणं बंद केलं, मग तालमीत जाणंच बंद केलं. मला नंतर म्हणाले, “पोरं काय म्हणतील मॅडम? वस्तादानं तरणेपणी इंजेक्शनं टोचून घेतली असणार, त्याचंच हे. जलमभर मी त्यांना सांगत आलो, दूध, बदाम आणि जोर-बैठका. त्या बोलण्याला काय किंमत राहिली?”

त्यांच्या या भीतीला आधार होता. शरीर कमावण्यासाठी बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडनेही छाती अशीच वाढते, आणि तालमीतल्या आजच्या पोरांना ते ठाऊक असतं. ज्या माणसाने अशा इंजेक्शनांविरुद्ध आयुष्यभर दम दिला, त्याच्याच अंगावर तो शिक्का बसणार होता.

नातवाने मोबाईलवर शोधून कोणती गोळी ते अचूक सांगितलं. वस्तादांनी ती गोळी बंद केली. तिच्या शेजारची पायाची सूज उतरवणारी पाण्याची गोळीही ‘एकाच जातीची’ म्हणून बंद केली. डॉक्टरांना सांगायचं तर कारण सांगावं लागेल, म्हणून सांगितलं नाही. काही आठवड्यांत पाय सुजले, रात्री आडवं झोपता येईना, आणि पहाटे धाप लागलेल्या अवस्थेत त्यांना दवाखान्यात आणावं लागलं. तिथे ईसीजी काढताना तंत्रज्ञाने छातीला चकत्या लावल्या तेव्हा त्यांनी कळवळून त्याचा हात झटकला. त्या झटकण्यातून तिथल्या डॉक्टरांना संशय आला आणि धाप बसल्यावर त्यांनी वस्तादांना माझ्याकडे पाठवलं.

स्पायरोनोलॅक्टोन ही फालतू गोळी नाही, म्हणून मला या प्रसंगाची इतकी काळजी वाटते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या ‘राल्स’ नावाच्या चाचणीत हृदय गंभीररीत्या अशक्त झालेले 1663 रुग्ण होते. ज्यांना ही गोळी दिली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांनी कमी झालं. त्याच चाचणीत ही गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी 10 टक्क्यांना छाती वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांत तो 1 टक्का होता. म्हणजे दहांतल्या एका पुरुषाला हे होणार हे वैद्यकाला तेव्हापासून माहीत आहे. यकृत खराब होऊन ज्यांच्या पोटात पाणी होतं त्यांना तर हीच गोळी याहून मोठ्या मात्रेत द्यावी लागते, आणि मात्रा जास्त तसा त्रास जास्त. इतकं माहीत असलेली गोष्ट गोळी लिहून देताना सांगितली जात नाही, याचा मला राग येतो. ओपीडीत गर्दी असते हे मला कळतं, मीही त्याच गर्दीत बसते. पण ‘या गोळीने कदाचित छाती दुखेल किंवा वाढेल, तसं झालं तर बंद न करता मला येऊन सांगा, दुसरी गोळी आहे’ एवढं बोलायला वेळ लागत नाही. ज्यांना हे आधी सांगितलेलं असतं ते पुरुष परत येतात आणि सांगतात. ज्यांना सांगितलेलं नसतं ते गोळी खिडकीबाहेर टाकतात.

दुसरी गोळी खरंच आहे. एप्लेरेनोन. ती तेच काम करते, पण टेस्टोस्टेरॉनच्या जागांना जवळजवळ हात लावत नाही, त्यामुळे छातीचा त्रास फारसा होत नाही. महाग पडते, हा तिचा दोष. वस्तादांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी मी फोनवर बोलले आणि त्यांनी लगेच बदल केला. दुखणं महिन्याभरात ओसरलं. वाढ थोडी उतरली आणि तिथेच थांबली. वस्ताद तालमीत परतले ते सदरा घालूनच; हौद्याच्या काठावर खुर्ची टाकून बसतात आणि तोंडाने डाव सांगतात. त्यांनी एक केलं, आणि ते करायला माझ्या मते कुस्तीपेक्षा जास्त छाती लागते. त्यांनी पोरांना एकत्र बसवून सांगितलं, की हृदयाच्या गोळीने मला असं झालंय, आणि तुम्ही इंजेक्शनं घ्याल तर तुम्हाला विशीतच असं होईल.

इथे एक फरक सांगायला हवा. ग्रंथीची वाढ ताजी असते तेव्हा कारण दूर केलं की ती उतरते, आणि फार दुखत असेल तर टॅमॉक्सिफेनसारखं औषध काही महिने देऊन उपयोगही होतो. वर्ष उलटून गेलं की ग्रंथीत घट्ट तंतू तयार होतात, मग कारण काढलं तरी चकती राहते. त्यामुळे लपवण्यात गेलेले महिने नुसते मनस्तापाचे नसतात. औषधाने बरं होण्याची वेळ त्यात निघून जाते. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, तेव्हा हृदयाचे रुग्ण असोत वा नसोत, ते औषध दुकानातून आणून घ्यायचं नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर संप्रेरकांचे उपचार घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं टेस्टोस्टेरॉन मुद्दाम दाबलेलं असतं आणि ते तसंच राहायला हवं असतं. विशेषतः नुसतं बायकालुटामाइड मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त पुरुषांची छाती वाढते. इथे गोळी बंद करणं हा उपायच नाही. पण उपचार सुरू करण्याआधी छातीला थोडं रेडिएशन देऊन किंवा टॅमॉक्सिफेन देऊन ही वाढ बरीचशी टाळता येते. ‘आधी’ या शब्दावर माझा जोर आहे. असे एक काका वाढ झाल्यावर माझ्याकडे आले. म्हणाले, “जीव वाचतोय तर छातीचं काय घेऊन बसू, असं घरचे म्हणतात. मलाही ते पटतं. पण आंघोळीच्या वेळी आरसा झाकून ठेवतो.” जीव वाचल्याचं समाधान आणि आरसा झाकायची गरज, ही दोन्ही एका माणसात नांदू शकतात. घरच्यांनी एकाच्या नावाखाली दुसऱ्याला गप्प करू नये.

बाकी कारणं मी इथे भरभर सांगते. दारूने खराब झालेलं यकृत, डायलिसिसवर असलेलं मूत्रपिंड, थायरॉइड. डिगॉक्सिन आणि मनोविकारांवरची काही औषधं. आणि एक कारण ऐकून लोक चकित होतात: उपासमारीतून सावरणं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर जेवण मिळू लागलं तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची छाती वाढली. क्षयरोगाने पार खंगलेला माणूस उपचारांनी वजन धरायला लागतो तेव्हाही मी हे पाहिलं आहे. तो घाबरतो, मी त्याला सांगते की तुमचं शरीर परत उभं राहतंय त्याची ही खूण आहे, थोड्या महिन्यांत जाईल. बहुधा जाते.

आता त्या शेतकऱ्याविषयी, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. वय सत्तरीच्या आसपास, वाळवा तालुक्याकडचे, उसाची शेती. उजव्या बाजूलाच गाठ. दुखत नव्हती, म्हणून दुर्लक्ष. त्यांच्या मोठ्या भावाला हृदयाच्या गोळ्यांनी दोन्ही बाजूंना वाढ झालेली होती आणि ती निरुपद्रवी निघाली होती, त्यामुळे ‘आमच्या घरात असतंच हे’ असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढे बोंड आत ओढलं गेलं. मग बनियनवर डाग पडायला लागले. ते स्वतः विहिरीवर बनियन धुवायचे. ज्यांनी जन्मात कपडे धुतले नव्हते ते आबा रोज बनियन का धुतात, हे सुनेच्या लक्षात आलं. सासऱ्यांशी या विषयावर बोलायची त्या घरात रीत नव्हती. तिने नवऱ्याला सांगितलं, तो टाळत राहिला. शेवटी ती स्वतः सासऱ्यांना घेऊन आली, आणि माझ्या खोलीबाहेर पाठ करून उभी राहिली.

गाठ दगडासारखी कडक होती, बोंडाच्या खाली मधोमध नव्हती, एका बाजूला होती, आणि वरच्या कातडीला चिकटलेली होती. काखेतही गाठी लागल्या. बायोप्सीत कॅन्सर निघाला. स्तनांच्या सगळ्या कॅन्सरांत पुरुषांचा वाटा साधारण शंभरात एक. पुरुषांच्या छातीत मुळात जागाच कमी, त्यामुळे गाठ कातडीला आणि स्नायूला लवकर पोचते. आम्ही स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, पुढे केमोथेरपी आणि रेडिएशन झालं. पुरुषांमधले बहुतेक स्तनकॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढणारे असतात, त्यामुळे नंतर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या सुरू केल्या. आबा आज आहेत, शेतावर जातात. पण दोन वर्षं आधी ते आले असते तर ही लढाई कितीतरी लहान झाली असती. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर होतो तेव्हा घराण्यातून आलेल्या जनुकाचीही शक्यता तपासावी लागते, कारण तोच दोष लेकींकडे गेलेला असू शकतो. आबांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले, “पोरींचं आधी बघा.” लाज मागे पडली ती तिथे.

ऑपरेशनविषयी लोक खासगीत विचारतात, म्हणून तेही सांगते. पुरुषाची वाढलेली ग्रंथी काढणं नवीन नाही. सातव्या शतकात पौलस एजिनेटा या ग्रीक वैद्याने त्याची पद्धत लिहून ठेवलेली आहे. आज आम्ही बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेने अर्धगोल छेद घेतो, चकती काढतो, बोंडाखाली थोडा भाग मुद्दाम ठेवतो, नाहीतर तिथे खळगा पडतो. जास्तीची चरबी नळीने ओढून घेता येते. त्यानंतर काही आठवडे घट्ट पट्टा वापरायचा. आत रक्त साठणं हा नेहमीचा त्रास, आणि ज्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांच्यात त्याचा धोका जास्त. उतारवयात हृदय, साखर, भूल यांचा हिशेब करूनच ठरवावं लागतं. विमा कंपन्या अनेकदा याला सौंदर्याचं ऑपरेशन म्हणून खर्च नाकारतात. मला ते अन्यायाचं वाटतं. पासष्टीच्या माणसाला पुन्हा मोकळ्या अंगाने विहिरीवर आंघोळ करायची आहे, सोवळं नेसून देवासमोर बसायचं आहे, यात हौस कुठे आली? तरीही मी सगळ्यांना ऑपरेशन सुचवत नाही. बहुतेकांना कारण कळलं आणि कॅन्सर नाही एवढं कळलं की पुरतं. काहींना आतून घालायचा घट्ट बनियन आणि जरा जाड कापडाचा, दोन्ही बाजूंना खिसे असलेला सदरा पुरतो. चुरचुर होत असेल तर बोंडावर मऊ कापूस आणि वर चिकटपट्टी. झोपताना कुशीला छोटी उशी. या गोष्टी मला पुस्तकांतून कळल्या नाहीत, रुग्णांनीच एकमेकांसाठी सांगून ठेवल्या आहेत.

पुरुषांसाठी वेगळी दुपार ठेवा, असं मला काहींनी सुचवलं. मी ठेवली नाही. वेगळी वेळ म्हणजे लपण्याची आणखी एक जागा. त्यापेक्षा मला असं दिसलं आहे, की बाकावरच्या बायका फार समजूतदार असतात. आपल्या शेजारचे काका स्वतःसाठी आलेत हे लक्षात आल्यावर एका बाईंनी, ज्यांचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यांना फक्त एवढं विचारलं, “दुखतंय का फार?” आणि बाजूला सरकून जागा दिली.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. घरात साठीपुढचे वडील, सासरे, काका असतील आणि ते अचानक उघड्या अंगाने वावरेनासे झाले असतील, तर त्यांची थट्टा करू नका, कुणी करत असेल तर थांबवा, आणि त्यांच्या गोळ्यांची पिशवी घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. हृदयाची, यकृताची, प्रोस्टेटची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि वाढ एकाच बाजूला असेल, कडक असेल, बोंड आत गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. त्याच आठवड्यात दाखवा.